उतार शेडचा, पाया पिल्लांचा
लेखमाला : शेडमधलं शास्त्र – भाग ६

गेल्या आठवड्यात आपण पिल्लाच्या बाजूने हिशेब मांडला. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या कोंबडीच्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम राखता येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ३३ अंशांच्या आसपास ऊब हवी आणि पुढे ती दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी उतरवायची. आज तोच हिशेब शेडबाहेर उभं राहून करू.

ब्रूडिंगचा प्रचलित ठोकताळा असा : उन्हाळ्यात पिल्लामागे एक वॅट, हिवाळ्यात दोन. तो खोटा नाही. बाहेर गारठलं की आत उष्णता वाढवा, एवढंच तो सांगतो. अडचण ही, की तो कॅलेंडर बघून चालतो. तानसाच्या खोऱ्यात किंवा माळशेजच्या पायथ्याशी मुरबाडकडे समुद्राची ऊब पोचत नाही. आभाळ निरभ्र असलं की रात्रीतून जमीन झपाट्याने निवते. जानेवारीतला एखादा दिवस धरा : दुपारी ३० अंश, पहाटे १२. ऋतू तोच, तारीखही जवळपास तीच. पण शेडची गरज पार वेगळी.

किती वेगळी? शेडमधून बाहेर निसटणारी उष्णता ही आत आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. आत ३३ अंश राखायचे तर दुपारी फरक ३ अंशांचा, पहाटे २१ अंशांचा. म्हणजे पहाटे सातपट उष्णता लागते. पहाटेच्या मापाने बल्ब लावून ठेवले तर दुपारी पिल्लं धापा टाकतात. दुपारच्या मापाने लावले तर पहाटे एकमेकांवर चढून ढीग करतात आणि खालची गुदमरतात.

आतला थर्मोस्टॅट मग काय करतो? काम करतोच, पण थंडी आत शिरल्यावर. शिवाय त्याला दोनच गोष्टी माहीत : सगळे बल्ब चालू किंवा सगळे बंद. दुपारी थोडीशी ऊब हवी असताना तो पूर्ण ताकदीने पेटतो, तापमान वर उडतं, मग तो बंद होतो. थंड देशांत घरं तापवणाऱ्या बॉयलरना म्हणूनच बाहेर एक सेन्सर जोडतात. बाहेर पारा उतरू लागला, की घर निवायच्या आधीच नळ्यांतलं पाणी जास्त गरम होऊ लागतं. बाहेर किती अंश असताना किती उष्णता द्यायची, याची एक रेषा कंट्रोलरमध्ये भरलेली असते.

आपल्या कामाचं सगळं त्या रेषेत आहे. तिला दोन गोष्टी असतात : उतार आणि पाया. बाहेर एक अंश उतरला की उष्णता कितीने वाढवायची, हा उतार. तो शेडवर अवलंबून : पत्रा किती पातळ, पडदे किती घट्ट, जाळीतून वारा किती येतो. संपूर्ण रेषा वर किंवा खाली सरकवणं म्हणजे पाया. तो पिल्लांच्या वयावर अवलंबून. चौथ्या आठवड्यात २४ अंश पुरतात. तेव्हा ३० अंशांच्या दुपारी उष्णता शून्य, पहाटे फरक १२ अंशांचा. शेड तेच, म्हणून उतार तोच. फक्त पाया खाली.

चूक कुठे आहे हे ओळखायची खूण सोपी आहे. रात्री दहाला ठीक आणि पहाटे पाचला थंड, तर उतार कमी पडतोय. दोन्ही वेळा सारखंच कमी पडतंय, तर पाया वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, तीही थोडीशी, आणि एक रात्र जाऊ द्या.

असा कंट्रोलर नसेल तर बल्बच्या दोन लाइन करा. पहिली आतल्या थर्मोस्टॅटवर. दुसरी बाहेरच्या थर्मोस्टॅटवर, बाहेर २० अंशांखाली गेलं की पेटणारी. पण तिच्याशी सिरीजमध्ये आत आणखी एक थर्मोस्टॅट हवा, म्हणजे आत मर्यादेपलीकडे तापलं तर ती तुटेल. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

बाहेरचा सेन्सर उत्तरेच्या बाजूला, सावलीत, पत्र्यापासून आणि शेडची गरम हवा बाहेर पडते तिथून लांब. उन्हात टांगलात तर सकाळी आठलाच तो दुपार झाल्याचं सांगेल. आतला सेन्सर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर. माणसाच्या डोक्याच्या उंचीवरची हवा त्यांच्या उपयोगाची नाही.

पावसाळ्यात ही रेषा फसते. बाहेर २५ अंश दिसतात, पण वाऱ्याबरोबर येणारी झड आणि ओलावलेलं तूस उष्णता खेचून नेतात, आणि सेन्सरला त्याचा पत्ता नसतो. तेव्हा आधी ओलं तूस बदला, पडदे नीट करा. मगच पाया वाढवा.

शेवटचा निवाडा पिल्लांचा. ब्रूडरखाली गोळा झाली तर थंडी, कडेला पळाली तर उकाडा, एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून झोत. सगळीकडे सारखी पसरून खात-पीत असतील, तर आकडा काहीही दिसो, त्याला हात लावू नका.

ऊब राखण्यासाठी पडदे सगळीकडून बंद केले की अमोनिया साचतो, आणि कोळशाची शेगडी असेल तर विषारी कार्बन मोनॉक्साइडही. पुढच्या भागात : ऊब न घालवता हवा कशी बदलायची.