फुलांना कामाला लावणारा खेळ

कळव्यात घरोघरी फुलांचा हिशेब सोपा असतो. सकाळी पुडी येते, फुले देवाला वाहिली जातात, दुसऱ्या दिवशी त्यांचे निर्माल्य होते. दसऱ्याला झेंडू, हौसेला मोगऱ्याचा गजरा. यापलीकडे फूल कशाला लागते, असे विचारले तर आपण मोठी माणसे क्षणभर अडखळू. आमच्या इमारतीतली दहा-बारा वर्षांची मुले मात्र अडखळत नाहीत. त्यांची यादी तोंडपाठ आहे, आणि ती त्यांना आजीने नव्हे, ‘माइनक्राफ्ट’ने शिकवली आहे.

मोजांग या स्वीडिश कंपनीने २०११ साली पूर्ण स्वरूपात आणलेला हा खेळ. ठोकळ्यांचे जग, त्यात खणायचे, शेती करायची, घर बांधायचे. मी तो मुलांच्या खांद्यावरून पाहिला आणि फुलांपाशीच रेंगाळलो. तिथले फूल नुसते शोभेचे नाही. खसखशीच्या फुलापासून लाल रंग मिळतो, सूर्यफुलापासून पिवळा. तो मेंढीला लावला की तिची लोकरही पुढे त्याच रंगाची येते! आपल्याकडे पळसाची फुले उकळून रंगपंचमीचा केशरी-पिवळा रंग करत, प्राजक्ताच्या देठांनी कापड रंगवत, हे मी सांगितले तेव्हा मुलांना ती खेळातलीच एखादी नवी युक्ती वाटली.

खेळणाऱ्यांना सूर्यफुलाचा आणखी एक उपयोग असतो. ते कायम पूर्वेकडे तोंड करून उभे असते, म्हणून वाट चुकली की दिशा कळते. मला ही थाप वाटली होती. सूर्यफूल सूर्यामागे फिरते, असेच आपण शिकलो. पण फिरते ते कोवळे झाड. पूर्ण उमललेले फूल खरोखरच पूर्वेकडे तोंड करून स्थिरावते, सकाळच्या उन्हात लवकर तापते आणि मधमाश्यांना आवडते.

मधमाश्या खेळात २०१९ साली आल्या. त्या फुलावरून पराग घेऊन पिकावरून उडाल्या की पीक झपाट्याने वाढते. (खऱ्या शेतात माशी पीक वाढवत नाही, फळधारणा करते, एवढी सूट देऊ.) पोळ्याखाली धूर केला तर त्या डंख न करता मध काढू देतात. आपले मध काढणारे तरी दुसरे काय करतात?

मग येते ते सूप. दोन प्रकारची अळंबी, एक वाटी आणि एक फूल. फूल बदलले की गुण बदलतो, पण वाटीकडे पाहून काही कळत नाही. खसखशीच्या फुलाने अंधारात दिसते. कांद्याच्या कुळातल्या ॲलियमने आग बाधत नाही. हे ऐकून मला उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवून निघणारे गावाकडचे म्हातारे आठवले. ‘लिली ऑफ द व्हॅली’च्या सुपाने मात्र विषबाधा होते. आणि बादलीभर दूध प्यायले की ती उतरते.

इथे मला मुलांना थांबवावेसे वाटले. ती पांढरी लिली खरोखरच विषारी आहे. तिच्यात हृदयाचे ठोके बिघडवणारी द्रव्ये असतात, आणि त्याच जातीची द्रव्ये आपल्या कण्हेरीत आणि पिवळ्या बिट्टीतही असतात. ही झाडे परदेशात शोधायला नकोत. कुंपणाशी, रस्त्याच्या दुभाजकात, देवळाच्या आवारात ती सर्रास दिसतात. कण्हेरीचे पान, फूल, चीक सगळेच विषारी. बिट्टीच्या बिया तर मुले खेळायलाच घेतात. दुधाने हे विष उतरत नाही. मुलाने काही चावले असेल तर घरगुती उपाय करत बसू नये, उलटी काढायला लावू नये. झाडाची डहाळी बरोबर घेऊन सरळ रुग्णालय गाठावे.

फुले खायचीच असतील तर आपल्याकडे काय कमी आहेत? शेवग्याची, भोपळ्याची, केळफूल. मुलांना मी हादग्यापासून सुरुवात करायला सांगितली. पांढरी फुले घ्यावीत, मधला कडू केसर ओढून काढावा, फुले धुऊन चिरावीत आणि कांदा-मिरचीच्या फोडणीवर परतून वरून ओले खोबरे घालावे.