पत्ता आणि कोड यांची गाठ

हिंजवडी, माण, मारुंजी ही मुळशी तालुक्यातली गावं. तालुक्याची कचेरी पौडला, पश्चिमेला ताम्हिणीचा पाऊस आणि मुळशीचं धरण, आणि पूर्वेच्या टोकाला एमआयडीसीनं उभं केलेलं राजीव गांधी इन्फोटेक पार्क. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट अशा कंपन्यांमध्ये बसून इथली माणसं जगभरातल्या बँकांची, विमा कंपन्यांची, दुकानांची वेब ॲप्लिकेशन्स लिहितात आणि वर्षानुवर्षं सांभाळतात. इथे नव्यानं रुजू झालेल्या मुलाच्या हाती कुणीतरी लिहून ठेवलेला लाखभर ओळींचा कोड पडतो आणि सुरुवात कुठून करायची हे त्याला कळत नाही. त्याला माझं सांगणं एकच असतं: राउट्सची फाइल उघड. डेटाबेस नंतर बघ, पडदे नंतर बघ. हे ॲप्लिकेशन बाहेरच्या जगाला काय काय करू देतं, त्याची पूर्ण यादी त्या एका फाइलमध्ये आहे.

ही यादी वाचून प्रत्येक रिक्वेस्ट योग्य जागी पाठवणारं एक यंत्र वेब फ्रेमवर्कच्या पोटात असतं, त्याला राउटर म्हणतात. घरातल्या वायफायच्या डब्याशी त्याचा संबंध नाही. हा नुसता कोड आहे, आणि आलेली प्रत्येक रिक्वेस्ट त्याच्यासमोरून जाते. पौडच्या कचेरीत अर्ज आला की बारनिशीतला, म्हणजे आवक-जावक पाहणारा, कारकून त्याचा विषय वाचतो, तो नोंदवतो आणि संबंधित संकलनाकडे पाठवतो. अर्जावरचा निर्णय तो घेत नाही. राउटरचं काम नेमकं तेवढंच, आणि तेवढंच असावं.

एक रिक्वेस्ट जवळून पाहू. समजा, गावांच्या नोंदी दाखवणारं एक ॲप्लिकेशन आहे आणि कुणीतरी '/गावे/माण/नोंदी/४२' हा पत्ता उघडला. ब्राउझरकडून दोन गोष्टी निघतात: पत्ता आणि क्रियापद. नुसतं पाहायचं असेल तर क्रियापद 'गेट', नवीन काही भरायचं असेल तर 'पोस्ट', बदलायचं असेल तर 'पुट' किंवा 'पॅच', काढून टाकायचं असेल तर 'डिलीट'. वेब सर्व्हर ही रिक्वेस्ट घेतो, मिडलवेअरच्या, म्हणजे मधल्या तपासण्यांच्या, एक-दोन पायऱ्या ओलांडून ती राउटरपर्यंत येते. राउटर पत्ता तिरप्या रेघांवर तोडतो आणि आपल्या तक्त्याशी ताडून पाहतो. तक्त्यात एक ओळ असते: 'गेट, /गावे/:गाव/नोंदी/:क्रमांक, नोंदी कंट्रोलर, दाखव'. विसर्गासारखं चिन्ह लावलेले तुकडे म्हणजे मोकळ्या जागा. त्यांत जे येईल ते राउटर उचलतो, म्हणजे 'गाव' बरोबर माण आणि 'क्रमांक' बरोबर ४२, आणि हे दोन्ही नोंदी कंट्रोलरच्या 'दाखव' या कृतीच्या हाती देऊन बाजूला होतो. पुढे नोंद शोधणं, ती बघायचा हक्क तपासणं, पान तयार करणं हे कंट्रोलर आणि त्याच्या मागची मंडळी पाहतात.

पत्ता जुळलाच नाही तर ४०४. पत्ता जुळला पण त्या पत्त्यावर ते क्रियापद चालत नसेल तर ४०५. हा फरक अनेक ॲप्लिकेशन्स पाळत नाहीत, सगळ्यालाच ४०४ म्हणून मोकळी होतात, आणि समोर दुसऱ्या कंपनीचा प्रोग्रामर बसलेला असला की त्याची दुपार चूक शोधण्यात जाते.

तक्ता बहुतेक फ्रेमवर्कांत वरून खाली वाचला जातो आणि पहिली जुळणारी ओळ जिंकते. म्हणून ओळींचा क्रम हा अर्थाचाच भाग आहे. '/गावे/:गाव' ही ओळ वर आणि '/गावे/नवीन' ही खाली लिहिली, तर नवीन गाव भरायचा फॉर्म कधीच उघडणार नाही. राउटर 'नवीन' हे गावाचं नाव समजेल, कंट्रोलर त्या नावाचं गाव शोधेल, सापडणार नाही, आणि फॉर्म लिहिणारा आपला निर्दोष कोड पुन्हा पुन्हा तपासत बसेल. राउटिंगमधली ही सगळ्यात जुनी आणि अजूनही रोज होणारी गफलत.

वेबच्या सुरुवातीला राउटिंग हा प्रश्नच नव्हता. पत्ता म्हणजे सर्व्हरच्या डिस्कवरची फाइल. १९९३ मध्ये सीजीआय आलं, तेव्हा फाइलच्या जागी प्रोग्राम चालू लागला, पण पत्ता त्या प्रोग्रामच्या जागेचाच राहिला. पुढे पीएचपी, एएसपी, जेएसपी यांतही हेच: जितकी पानं तितक्या फाइली, आणि लॉगिन झालंय का हे तपासणाऱ्या त्याच चार ओळी प्रत्येक फाइलच्या डोक्यावर. कंपनीनं एएसपी सोडून पीएचपी धरलं की सगळे पत्ते बदलत आणि लोकांनी जपून ठेवलेल्या खुणा मोडत. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली यानं १९९८ मध्ये एका निबंधात यावर बोट ठेवलं. चांगला पत्ता बदलत नाही; आतलं तंत्रज्ञान पत्त्यात डोकावू देऊ नका, असा त्याचा आग्रह होता. राउटर हे या आग्रहाला मिळालेलं यंत्ररूप उत्तर आहे, असं मी मानतो. पत्ता एकीकडे, कोड दुसरीकडे, आणि मध्ये एक तक्ता. कोड हलवा, मोडा, दुसऱ्या भाषेत लिहा; तक्त्यातली डावी, म्हणजे पत्त्याची, बाजू तशीच ठेवा.

तक्त्याच्या उजव्या बाजूला असतो तो कंट्रोलर. हा शब्द वेबच्या आधीचा. नॉर्वेचा त्रिग्वे रेन्सकौग १९७८-७९ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत होता, तिथे त्यानं मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर ही विभागणी मांडली. त्याचा कंट्रोलर कीबोर्ड-माउसच्या हालचाली ऐकणारा होता. वेबनं शब्द उचलला आणि काम बदललं.

हिंजवडीतल्या जुन्या जावावाल्यांना राउटिंगची पहिली ओळख झाली ती स्ट्रट्समुळे. क्रेग मॅकक्लॅनहननं २००० मध्ये सुरू केलेल्या या फ्रेमवर्कमध्ये सगळ्या रिक्वेस्ट एका सर्व्हलेटकडे, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या जावा क्लासकडे, येत आणि एका लांबलचक एक्सएमएल फाइलमध्ये कुठला पत्ता कुठल्या क्लासकडे जाईल ते लिहिलेलं असे. पत्त्याच्या शेवटी 'डॉट डू' असायचं. काही जुन्या साइटवर ते अजून दिसतं. फाइल हजारो ओळींची व्हायची, दोघांनी एकाच दिवशी हात लावला की मर्ज करताना नाकी नऊ यायचे. तरीही तिच्यात एक मोठी सोय होती: सगळं एका ठिकाणी होतं.

२००४ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सनचं रूबी ऑन रेल्स आलं आणि एक्सएमएलची जागा वाचता येईल अशा छोट्या फाइलनं घेतली. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावच्या वर्तमानपत्रात घडलेलं जँगो खुलं झालं. बातमीचा पत्ता सुटसुटीत असावा आणि टिकावा ही ओढ जँगोत पहिल्यापासून आहे, कारण ते वृत्तपत्राच्या कचेरीत वाढलं. जँगो ज्या पायथन भाषेत आहे तिची पायकॉन इंडिया ही परिषद २०११ मध्ये पुण्यात भरली, आणि रूबीची डेक्कन रूबीकॉन्फ २०१४ पासून पुण्यात होऊ लागली. ही दोन्ही फ्रेमवर्कं इथल्या हातांत चांगली रुळलेली आहेत.

क्रियापदाचं महत्त्व पटायला मात्र एक दणका बसावा लागला. २००५ मध्ये गूगलनं वेब ॲक्सिलरेटर नावाचं साधन काढलं. पान लवकर उघडावं म्हणून ते पानावरच्या दुव्यांची पानं आधीच आणून ठेवायचं. अनेक ॲप्लिकेशन्समध्ये 'काढून टाका' हा साधा दुवा होता, म्हणजे गेट. माणसानं हात न लावता त्या दुव्यांवरून नोंदी पुसल्या जाऊ लागल्या. पाहणं आणि पुसणं एकाच क्रियापदानं करू नये, हे वेबच्या नियमांत आधीपासून होतं. रॉय फील्डिंगनं २००० मधल्या आपल्या प्रबंधात वेबची रचनाच नीट उलगडून मांडली होती. पण क्रियापदांचा हा नियम राउट्सच्या फाइलमध्ये उतरला तो २००७ च्या रेल्स १.२ मध्ये. 'रिसोर्सेस' अशी एक ओळ लिहिली की यादी, नवीन, भर, दाखव, दुरुस्ती, बदल, काढ या सात कृतींचे पत्ते योग्य क्रियापदांसह तयार. आज पीएचपीमधल्या लॅराव्हेलसकट अनेक फ्रेमवर्कांनी हा साचा घेतला आहे.

त्याच सुमारास उलटा प्रवाहही सुरू झाला. स्प्रिंग २.५ पासून जावात पत्ता कंट्रोलरच्या डोक्यावरच लिहिता येऊ लागला. लिहिणाऱ्याला ते सोयीचं. वाचणाऱ्यासाठी मात्र तक्ता शेकडो फाइलींत विखुरतो. माझा कौल एका फाइलच्या बाजूनं आहे. कोड एकदा लिहिला जातो आणि पुढची दहा वर्षं वाचला जातो, आणि मुळशीतलं बरंचसं काम त्या दहा वर्षांतलं असतं. जुन्या रेल्समध्ये तक्त्याच्या शेवटी एक सर्वभक्षी ओळ असायची, कुठल्याही कंट्रोलरची कुठलीही उघडी कृती पत्त्यावरून चालवू देणारी. ज्या दाराची यादीत नोंद नाही ते दारही उघडं. ती ओळ गेली हे फार चांगलं झालं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो. प्रोग्रामरनं लिहिलेल्या मजकुरापैकी राउट्सची डावी बाजू वाचकाला जशीच्या तशी दिसते, ब्राउझरच्या पट्टीत. ती त्याच्या भाषेत का नसावी? बहुतेक मराठी वृत्तपत्रांच्या साइटवर बातमी मराठीत असते आणि पत्ता रोमन अक्षरांत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून देवनागरी पत्ते चालवतो आहे, '.भारत' हे डोमेन २०१४ पासून मिळतं. म्हणजे यंत्राला हे जमतं. पण फ्रेमवर्कांच्या ठरीव सवयी आपल्या लिपीसाठी बनलेल्या नाहीत.

पत्त्याचा डोमेननंतरचा हा भाग तारेवरून जाताना देवनागरी राहत नाही. 'मुळशी'त पाच युनिकोड चिन्हं: म, उकार, ळ, श, ईकार. प्रत्येकाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटला टक्क्याचं चिन्ह धरून तीन अक्षरं, मिळून ४५. ब्राउझरच्या पट्टीत 'मुळशी' दिसतं, पण तो पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की बऱ्याचदा ती ४५ अक्षरांची टक्केमाळ समोर येते. हे दिसायला वाईट, पण राउटरचं त्यानं बिघडत नाही. जँगो पत्ता आधी उलगडतो आणि मग तक्त्याशी लावतो.

बिघडतं ते पुढे. जँगोत २०१७ च्या २.० आवृत्तीपासून मोकळ्या जागेला प्रकार देता येतो. त्यातल्या 'स्लग' प्रकारात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि दोन प्रकारच्या रेघा बसतात, 'मुळशी' बाहेर. 'इंट' या प्रकाराला फक्त इंग्रजी आकडे कळतात, त्यामुळे देवनागरी ४२ दारातच अडतो, जरी पायथनला स्वतःला तो अंक नीट वाचता येतो. कुणी स्वतःची रेगेक्स, म्हणजे अक्षरं जुळवण्याचा साचा, लिहिली आणि 'अक्षर' म्हणून नेहमीची खूण वापरली, तर पायथनची ठरीव रेगेक्स मात्रांना अक्षर मानत नाही: 'म' बसतो आणि उकारापाशी जुळणी तुटते.

आणि मग शेजारच्या हवेली तालुक्यातलं, खडकवासल्याजवळचं गोऱ्हे बुद्रुक. हे नाव राउटरची खरी परीक्षा घेतं. सरकारी कागदांत ते 'गोऱ्हे बु.' असं लिहिलेलं सापडतं, आणि रेल्समध्ये टिंब हे पत्त्याच्या मोकळ्या जागेत ठरीवपणे चालत नाही. टिंबानंतर फाइलचा प्रकार येईल अशी त्याची अपेक्षा असते. नतीजा ४०४. त्याहून अवघड आहे तो 'ऱ्हे'. तो तीन प्रकारे टाइप होतो: युनिकोडच्या स्वतंत्र 'ऱ' नं, 'र' खाली नुक्ता देऊन, किंवा 'र', हलंत आणि न दिसणारा जोडक यांनी. पडद्यावर तिन्ही एकसारखे. पहिल्या 'गोऱ्हे'त सहा चिन्हं, बाकीच्या दोहोंत सात. राउटर चिन्हं ताडतो, त्यांचं दिसणं नव्हे. त्याच्या लेखी ही तीन गावं.

यावरचा उपाय छोटा आहे आणि तो राउटरच्या आधी, मिडलवेअरमध्ये करावा लागतो. पत्ता युनिकोडच्या एनएफसी या ठरलेल्या जोडरूपात आणला की नुक्त्याचा 'र' आपोआप 'ऱ' होतो. जोडकवाला मात्र एनएफसीला कळत नाही. त्यासाठी 'य' आणि 'ह' च्या आधी येणारा तो तुकडा बदलायचा नियम हातानं लिहावा लागतो. 'बु.' चं बुद्रुक, 'खु.' चं खुर्द, देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकडे. मग पत्ता बदललेला असेल तर ३०१ देऊन वाचकाला कायमच्या पत्त्यावर न्यायचं. त्याच ओळींत हिंजवडीचाही प्रश्न सुटतो: कुणी 'हिंजेवाडी' लिहितो, कुणी 'हिंजवडी', दोन्ही चालू द्यावेत आणि पट्टीत एकच दिसावा.

हे सगळं मिळून पन्नासएक ओळींचं काम आहे. रेल्स आणि जँगो दोन्ही मुक्त स्रोत आहेत, आणि असं मिडलवेअर, सोबत देवनागरी नावं बसतील असा मोकळ्या जागेचा प्रकार, वेगळं छोटं पॅकेज म्हणूनही देता येतं. 'ऱ्हे' किती प्रकारे टाइप होतो हे कॅन्ससमधल्या माणसाला माहीत असण्याचं कारण नाही. माण आणि मारुंजीत रोज राउट्स लिहिणाऱ्यांना ते ठाऊक आहे.