कसा वाजतोय, सांग ना!

तुमच्या वर्गात, सोसायटीत किंवा गेला बाजार इन्स्टाच्या फॉलोइंगमध्ये असा एक तरी प्राणी असतोच, ज्याने घरी स्वतः स्पीकर बनवलाय. बोरिवली-अंधेरीवाला असेल तर थेट ग्रँट रोडला उतरतो, मुलुंड-घाटकोपरवाला असेल तर दादरला गाडी बदलतो, आणि दोघंही लॅमिंग्टन रोडला पोहोचतात. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने पत्ता विचारून बघा.) वूफर, ट्वीटर, क्रॉसओव्हरसाठी कॉइल आणि कपॅसिटर पिशवीत घालून परत. मग एरियातल्या सुताराकडून प्लाय किंवा एमडीएफ कापून घ्यायचं, फेविकॉल लावायचं आणि रात्रभर डब्यावर इंजिनीअरिंगची जाडजूड पुस्तकं ठेवायची. जाता जाता, फेविकॉलवाल्या पिडिलाइटचं ऑफिस अंधेरी पूर्वेला आहे. म्हणजे या हौसेतला निदान गोंद तरी आपल्याकडचा.

डबा तयार होतो. वाजतो. घरचे म्हणतात, "छान आहे, आता आवाज कमी कर." एवढ्यावर कुणाचं समाधान होतं? मग मोबाइल समोर धरून व्हिडीओ काढला जातो, ग्रुपवर टाकला जातो आणि खाली ओळ येते, 'कसा वाजतोय, सांगा'.

उत्तरं पाच मिनिटांत हजर. 'एक नंबर भावा.' 'बास थोडा कमी वाटतोय.' 'ट्वीटर टोचतोय यार.' बिचारा सोल्डरिंग गन काढतो, क्रॉसओव्हर उकलतो, पुढच्या शनिवारी पुन्हा लॅमिंग्टन रोड. पॉकेटमनीचे आणखी काही पैसे आणि आणखी एक वीकेंड.

माझं म्हणणं असं, की त्या तीन उत्तरांपैकी एकही त्याच्या स्पीकरबद्दल नव्हतं.

तुम्ही त्या व्हिडीओत नेमकं काय ऐकलंत ते बघा. गाणं त्याच्या स्पीकरमधून निघालं, त्याच्या खोलीच्या भिंतींवर आपटलं, फोनच्या माइकमध्ये शिरलं, फोनच्या सॉफ्टवेअरने त्याची साफसफाई केली, अपलोड होताना ते दाबून लहान केलं गेलं आणि शेवटी ते तुमच्या इअरबडमधून किंवा मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून बाहेर आलं. मोबाइलच्या त्या स्पीकरमधून १०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. त्यावर ऐकून 'बास कमी आहे' म्हणणं म्हणजे काळा गॉगल लावून 'फोटो डार्क आलाय' म्हणण्यासारखं आहे.

यात सगळ्यात जास्त घोळ खोली घालते. आपल्या उपनगरातली बेडरूम म्हणजे साधारण दहा बाय बारा. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची बरोबर अर्धी लांबी बसते, ती लहर तिथे अडकून घुमते. हिशेब केलात तर बारा फुटांसाठी ४७ हर्ट्झच्या आसपास आणि दहा फुटांसाठी ५६ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे या दोन ठिकाणी खोली स्वतःच वाजते, स्पीकर कुणीही बनवलेला असो. माइक भिंतीजवळ ठेवला तर हे घुमणं फुगून येतं, खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवला तर नेमकं गायब होतं. तोच स्पीकर, तेच गाणं, दोन फुटांचा फरक, आणि ग्रुपवर दोन वेगळे निकाल.

प्रत्यक्ष त्या खोलीत बसलात तर हे इतकं खटकत नाही. आपल्याला दोन कान आहेत आणि त्यांच्यामागे मेंदू आहे. स्पीकरकडून थेट आलेला आवाज कुठला आणि भिंतीवरून परतलेला कुठला, हे तो बऱ्यापैकी वेगळं करतो. माइकला ही अक्कल नाही. तो सगळं एकत्र गोळा करतो. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक स्पीकर थोडासा बाथरूममध्ये ठेवल्यासारखा वाटतो.

त्यात फोन हुशार. हळू आवाज आपोआप मोठा करतो, मोठा आवाज दाबतो. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर असं समजून तो पुसायलाही जातो. आता विचार करा, तुम्ही स्पीकरची परीक्षा घ्यायला तंबोरा लावलाय. जवारीचा तो बारीक, झणझणणारा धागा म्हणजे ट्वीटरची खरी कसोटी. आणि फोनला वाटतंय, पंखा चालू राहिलाय.

मग घरचा स्पीकर रेकॉर्ड करून लोकांना ऐकवण्यात काही अर्थच नाही का? आहे. फक्त प्रश्न बदलायला हवा.

हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. १९१५ पासून साधारण दहा वर्षं अमेरिकेत थॉमस एडिसनच्या कंपनीने 'टोन टेस्ट' नावाचे जाहीर कार्यक्रम केले. स्टेजवर गायिका आणि शेजारी एडिसनचा फोनोग्राफ. आधी दोघं आलटून पालटून गाणार, मग दिवे घालवायचे. अंधारात प्रेक्षकांनी ओळखायचं, आत्ता कोण गातंय, बाई की यंत्र? कंपनीचा दावा असा, की लोकांना फरक कळत नाही. त्या काळच्या यंत्राचा आवाज आज ऐकलात तर तुम्ही दोन सेकंदांत ओळखाल. मग हे जमलं कसं? या कार्यक्रमांत गाणाऱ्या ॲना केस यांनी पुढे सांगितलं, की यंत्राच्या आवाजाशी जुळेल इतपतच आवाज त्या लावायच्या. म्हणजे यंत्र माणसासारखं गात नव्हतं, माणूस यंत्रासारखा गात होता.

मला या गोष्टीत मार्केटिंगपेक्षा दुसरंच काहीतरी आवडतं. एडिसनच्या लोकांना एक गोष्ट बरोबर कळली होती. नुसतं 'आवाज कसा आहे' असं विचारलं तर कुणी काहीही सांगेल. शेजारी दुसरा आवाज ठेवला की कान कामाला लागतो. त्यांनी त्या दुसऱ्या आवाजाशीच खेळ केला, हा भाग वेगळा.

तर तुमच्यासाठी रेसिपी अशी. एकाच गाण्याच्या वीस-तीस सेकंदांच्या तीन फाइल्स बनवा. पहिली ओरिजिनल, जशीच्या तशी. दुसरी कुठल्या तरी कंपनीच्या, लोकांना माहीत असलेल्या स्पीकरमधून वाजवून रेकॉर्ड केलेली. तिसरी तुमच्या डब्यातून. दुसऱ्या आणि तिसऱ्या फाइलमध्ये खोली तीच, माइक तोच, फोन तोच. ऐकणाऱ्याचा इअरबडही तिन्ही वेळा तोच. म्हणजे या साखळीतले सगळे दोष दोघांच्याही वाट्याला आले. उरला तो बराचसा स्पीकरचाच फरक. आता विचारा, 'ओरिजिनलच्या जास्त जवळ कोण, ए की बी?' या प्रश्नाला घाटकोपरचा माणूस स्वस्तातल्या इअरफोनवर ऐकूनही कामाचं उत्तर देऊ शकतो.

करताना मात्र काटेकोर राहावं लागतं. दोन स्पीकर शेजारी शेजारी ठेवून रेकॉर्ड करणं ही रील्समधली सगळ्यात कॉमन चूक. शेजारी म्हणजे वेगळी जागा, वेगळी जागा म्हणजे वेगळी खोली. एक स्टूल घ्या, फरशीवर त्याच्या पायांभोवती टेप लावा आणि दोन्ही स्पीकर पाळीपाळीने त्याच स्टुलावर ठेवा. माइक साधारण मीटरभर लांब, ट्वीटरच्या उंचीवर. अगदी चिकटवू नका, तितक्या जवळ वूफर आणि ट्वीटरचा आवाज एकमेकांत मिसळलेलाच नसतो. एका वेळी एकच स्पीकर वाजवा, स्टीरिओची जोडी नको. बाजूच्या भिंतींना गाद्या टेकवा. पाहुणे आल्यावर काढतात त्या सगळ्या.

दुसरी भानगड व्हॉल्यूमची. थोडा मोठा वाजणारा स्पीकर ऐकणाऱ्याला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. फरक एखाद्या डेसिबलचा असला तरी. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये बेल लॅब्जमधून दाखवून दिलं होतं, की आवाज कमी केला की आपल्या कानाला खालचे सूर जास्तच कमी ऐकू येतात. म्हणजे जो हळू वाजला त्याचा बास गेला. यावर उपाय पिंक नॉइजचा. जुन्या टीव्हीवर चॅनल गेलं की यायची तशी खरखर, जरा मऊ. ती दोन्ही स्पीकरमधून वाजवून रेकॉर्ड करा, ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींची पातळी बघा आणि सारखी येईपर्यंत ॲम्प्लिफायरचा व्हॉल्यूम हलवा. त्याआधी फोनमध्ये असं रेकॉर्डिंग ॲप टाका, ज्यात ऑटो गेन आणि नॉइज रिडक्शन बंद करता येतं. नाहीतर फोन स्वतःच दोघांना सारखं करून टाकेल.

आणि नावं लपवा. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हार्मन कंपनीतल्या ४० लोकांना चार स्पीकर ऐकवले. एकदा बघून, एकदा पडद्याआड. डोळ्यांना स्पीकर दिसत होते तेव्हाचे मार्क आणि दिसत नव्हते तेव्हाचे मार्क वेगळे आले. हे लोक स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतले होते, हे लक्षात घ्या. तुमच्या ग्रुपवरचे तर तुमचे मित्र आहेत. 'बी म्हणजे याचा' हे कळलं की 'एक नंबर भावा' आलंच.

गाणं कुठलं घ्यायचं? माझं मत, गाणं घेऊच नका. सिनेमाचं गाणं अपलोड केलं की कॉपीराइटची कटकट, आणि ते स्टुडिओत कसं वाजत होतं हे आपल्याला कुठे माहितेय? माणसाचं बोलणं घ्या. बीबीसीचे इंजिनीअरही स्टुडिओचे स्पीकर तपासताना ओळखीच्या माणसाचा आवाज वापरायचे, कारण ओळखीच्या आवाजातली खोट कानाला लगेच लागते. आजीला माइकच्या जवळ बसवून शेंगदाण्याची चटणी कशी करतात ते सांगायला लावा. 'स' आणि 'श' टोचले तर ट्वीटरकडे बघा. बाबांचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटला तर डब्याच्या भिंती थरथरतायत. सोबत कुणाचा तबला मिळाला तर सोन्याहून पिवळं. डग्ग्याची मींड खालपर्यंत एकसंध उतरते का, की मध्येच एक सूर ढुम्म करून उठतो? मात्र तो ढुम्म ए आणि बी दोन्हींत असेल तर दोष खोलीचा.

आता खरा प्रॉब्लेम. मुंबईत शांतता आणायची कुठून? मास कॉमला आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात, की काहीही रेकॉर्ड करण्याआधी अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करा. करून बघा, धक्का बसेल. घाटकोपरला डोक्यावरून विमानतळाकडे उतरणारी विमानं, अंधेरीला हॉर्न, आणि सगळीकडे शेजारच्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट. शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली यायच्या आधी मस्त शांत असतं. पण निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि खालच्या मजल्यावरचे काका त्याहून कमी. त्यापेक्षा रविवारी दुपारी दोन ते चार, जेव्हा अख्खी सोसायटी जेवून आडवी झालेली असते. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या बंद. घाम येईल. आवाज तावातावाने बोलणाऱ्या माणसाइतका पुरे.

'एवढं करण्यापेक्षा मोजत का नाही?' असं कुणीतरी विचारणारच. मोजा की. आरईडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कॅलिब्रेट केलेला माइक मात्र विकत घ्यावा लागतो. सेक्रेटरींची परवानगी मिळाली तर गच्चीसारखी जागा नाही, तिथे भिंतीच नाहीत. ग्राफ आणि कान यांचं भांडण नाही, दोन्ही ठेवा.

हौशी लोक हल्ली स्पीकर बनवून विकतातही आणि डेमो म्हणून रील पाठवतात. तुम्ही घेणारे असाल तर त्या रीलवर पैसे देऊ नका. ओरिजिनल फाइल मागा, दुसऱ्या एखाद्या स्पीकरचं त्याच जागेवरचं रेकॉर्डिंग मागा. किंवा सरळ त्याच्या घरी जा. बोरिवली ते मुलुंड एक दिवस खर्च होईल, पण स्वतःच्या कानाने ऐकाल.

आणि कुणी तुम्हाला तीन फाइल्स पाठवल्या, तर उत्तर देताना कशावर ऐकलं ते आधी सांगा. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं असेल तर बासबद्दल गप्प बसा. 'मस्त' लिहू नका, 'बीमध्ये बाराव्या सेकंदाला "साखर"मधला "स" टोचतोय, ओरिजिनलमध्ये नाही' असं लिहा. एवढ्याने त्याला कळतं, की ट्वीटरच्या वाटेत छोटा रेझिस्टर घालून बघायला हवा. अख्खा क्रॉसओव्हर उकलायची गरज नसते. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, व्हिडीओ म्हणून टाकली की पुन्हा दाबली जाते.

बदल केल्यावर परत रेकॉर्ड करायचं, त्याच स्टुलावर, त्याच पातळीला, आजीच्या त्याच चटणीवर. तोपर्यंत फरशीवरची टेप काढू नका, आणि घरातल्या कुणाला काढूही देऊ नका.