नियमाला सूट कोण देतं?

एन्रॉन म्हटलं की आपल्याला गुहागरजवळचं अंजनवेल आठवतं, दाभोळ वीज प्रकल्प आठवतो आणि १९९५च्या निवडणुकीत तो अरबी समुद्रात बुडवण्याची झालेली भाषाही. तो बुडाला नाही, उलट वाढला, ते असो. ह्यूस्टनच्या या कंपनीने चार मूल्यं जाहीर केली होती: आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता. २ डिसेंबर २००१ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

मूल्यं म्हणजे भिंतीवरची शोभा, असं म्हणून इथेच विषय मिटवता येईल. पण तपशील जास्त बोलका आहे. कंपनीच्या आचारसंहितेप्रमाणे अधिकाऱ्याने कंपनीशी खासगी फायद्याचे व्यवहार करणं निषिद्धच होतं. १९९९ मध्ये वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो यांना स्वतःच्या भागीदारी संस्था काढून त्यांच्यामार्फत एन्रॉनशीच व्यवहार करायचे होते. सौद्याच्या दोन्ही बाजूंना तेच! संचालक मंडळाने संहिता बाजूला ठेवून परवानगी दिली, आणि त्याच वर्षी पुन्हा एकदा दिली. ही सूट चोरून नव्हे, रीतसर दिली गेली. गंमत म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची आचारसंहितेची ६४ पानी आवृत्ती त्यानंतर, जुलै २०००मध्ये निघाली.

म्हणून एखाद्या संस्थेची मूल्यं तपासताना मी तिचं घोषवाक्य वाचत नाही. नियमाला सूट कोण देऊ शकतं आणि नियम पाळण्याची किंमत कोण मोजतं, एवढंच पाहतो.

‘लिज्जत’ याच नजरेने पाहण्यासारखी आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात गुजराती गृहिणींनी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सुरुवातीला दोन प्रतींचे पापड निघत, त्यातली एक स्वस्तातली. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख, म्हणजे सगळ्यांचे छगनबापा, यांनी ती स्वस्त प्रत बंद करायला लावली. हिशेब चोख ठेवायचा, हेही त्यांचंच सांगणं. देणगी कुणाचीही घ्यायची नाही, हे त्या सातजणींनीच ठरवलं होतं. पावसाळ्यात उन्हाअभावी पापड वाळेनात, काम बंद पडलं. हात पसरायला याहून चांगलं निमित्त कोणतं? पण तसं न करता त्यांनी पुढच्या पावसाळ्यात खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला.

पुढे हेच विचार कामाच्या रीतीत मुरले. पीठ शाखेतच मळलं जातं, म्हणजे चवीची जबाबदारी संस्थेची. सभासद-मालकीण महिला, म्हणजे संस्थेच्या ‘बहिणी’, ते घरी नेऊन लाटतात, दुसऱ्या दिवशी पापड परत आणतात, तपासणी होते, वजनाप्रमाणे मजुरी हातात पडते. घर स्वच्छ आहे का, हे पाहायला संस्थेची माणसं घरी येतात. हिशेबनीस किंवा ड्रायव्हर म्हणून पुरुष पगारावर असू शकतो, मालक होऊ शकत नाही. नफा वाटून घ्यायचा, तोटाही वाटून घ्यायचा. आणि निर्णय एकमताने: एका बहिणीची जरी हरकत असली तरी तो अडतो.

या अटीमुळे काम रेंगाळत असणार. पण वरच्या चार जणांनी बंद दाराआड स्वतःला सूट देण्याची वाटही तिच्यामुळेच अडते. लिज्जतची महती गाणारे सहसा एक गोष्ट सांगत नाहीत: मालकीत वाटा असला तरी मजुरी लाटलेल्या पापडांचीच मिळते. ज्या दिवशी मनगट दुखतं, त्या दिवशी लाटणीची कमाई नाही. सहमालकिणीला आजारपणात काय मिळावं, हा प्रश्न ‘कुटुंब’ म्हणवणाऱ्या संस्थेला विचारायलाच हवा. तो विचारायला बाहेरच्या टीकाकाराची गरज नाही. पापड लाटणाऱ्या कुठल्याही बहिणीचा तो हक्क आहे.