माले शहराचं पाणी

गटाच्या बैठकीत पाण्याचा विषय निघाला की बैठक लांबतेच. म्हणून आज आम्ही माले शहराची गोष्ट आणली आहे. माले ही मालदीवची राजधानी. भोवती समुद्र आणि बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं.

सुलतानांच्या काळापासून इथे घरोघरी आड होते. थोडं खणलं की गोडं पाणी लागे, कारण वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी हलकं असल्यानं खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. पुढे वस्ती वाढली, उपसा वाढला, संडासांची घाण आडांत झिरपू लागली. १९७८ साली कॉलऱ्याची साथ आली. मग १९८८ पासून समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं बसली. नळ आले आणि आड मागे पडले. (आपल्याकडे तरी वेगळं काय झालं?)

४ डिसेंबर २०१४ ला त्या यंत्रघरात आग लागली. लाखाहून जास्त लोकांचे नळ बंद झाले, बाटल्यांसाठी दुकानांत झुंबड उडाली. भारतानं विमानांतून आणि नौदलाच्या जहाजांतून पाणी धाडलं. दारात समुद्र, आणि घोटभर पाण्यासाठी विमानाची वाट बघायची!

दूरच्या लहान बेटांवर मात्र बायका आजही पागोळ्यांचं पाणी टाक्यांत भरून ठेवतात.