पंचवीस रुपयांची फाइल आणि अडीच हजार किलोमीटरचं कपाट

मुलांनो, एक आकडा ऐका : पाच कोटी. देशातल्या सगळ्या न्यायालयांत मिळून आज पाच कोटींहून जास्त खटले निकालाची वाट पाहत आहेत. ऐकायला सोपा वाटतो ना? मग मोजूनच बघू या. कोर्टात शिपाई दाराशी येऊन नावं पुकारतो. एका पुकाऱ्याला दहा सेकंद धरा. न झोपता, न जेवता, रात्रंदिवस नुसता पुकारा चालू ठेवला, तर सगळी नावं संपायला 15 वर्षं 10 महिने लागतील! आज पहिलीत असलेली मुलगी तोवर पदवीधर झालेली असेल. आणि अजून कोणत्याही वकिलानं तोंडसुद्धा उघडलेलं नाही!

एवढा पसारा चालतो कसा? तो बघायला सगळ्यात छोट्या दारानं आत जाऊ या, आणि ते दार आपल्या इंदूरलाच आहे.

एप्रिल 1978. साठी ओलांडलेल्या शाहबानो इंदूरच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात आल्या. 1932 साली लग्न झालेलं, पाच मुलं झालेली आणि 43 वर्षांच्या संसारानंतर, 1975 मध्ये, नवऱ्यानं घराबाहेर काढलेलं. त्यांनी महिना 500 रुपये पोटगी मागितली. नवरा स्वतः वकील, त्याची कमाई वर्षाला साठ हजारांच्या आसपास, म्हणजे महिना पाच हजार. खटला चालू असतानाच त्यानं तलाकही दिला. ऑगस्ट 1979 मध्ये निकाल लागला : पोटगी महिना 25 रुपये. दिवसाला 83 पैसे! नवऱ्याच्या दर दोनशे रुपयांतला एक रुपया.

देशातल्या दर दहा खटल्यांतले जवळजवळ नऊ याच पातळीवर, म्हणजे जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांत असतात. इथला निकाल पटला नाही, तर वर जाता येतं. वर म्हणजे राज्याचं उच्च न्यायालय. मध्य प्रदेशाचं ते जबलपूरला आहे. इंदूरहून पाचशे किलोमीटरच्या वर! मुंबईहून पुण्याला जायचं, परत मुंबईला यायचं, पुन्हा पुण्याला जायचं, तरी जबलपूर आलेलं नसतं. 83 पैसे रोज मिळणाऱ्या बाईनं एवढं जायचं कसं? म्हणूनच 1956 साली राज्य झालं तेव्हापासून इंदूर आणि ग्वाल्हेरला उच्च न्यायालयाची खंडपीठं बसू लागली, आणि 1968 साली ती कायमची झाली. गुजरातच्या सीमेवरचं अलीराजपूर, राजस्थानला खेटलेलं नीमच, असे 14 जिल्हे आज इंदूरला येतात. राज्यकारभारातला इतका शहाणा निर्णय क्वचितच झाला असेल.

जुलै 1980 मध्ये उच्च न्यायालयानं पोटगी वाढवली. किती? 179 रुपये 20 पैसे. सातपटीहून जास्त! ते वीस पैसे मला फार मोलाचे वाटतात. राज्यातलं सगळ्यात मोठं न्यायालय, आणि ते एका म्हातारीसाठी पैशापैशाचा हिशेब करत होतं.

आणि हे न्यायालय केवढ्या गर्दीत काम करतं! आज तिथे न्यायमूर्तींची मंजूर पदं 53. 2011 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 7 कोटी 26 लाख. म्हणजे एकेका न्यायमूर्तीमागे 13 लाख 70 हजार माणसं. तीस हजारांचं आपलं होळकर स्टेडियम 45 वेळा खच्चून भरलं, तरी वीस हजार माणसं फाटकाबाहेरच उरतील! तुंबलेले खटले साडेचार लाखांच्या घरात. एक फाइल पाच सेंटिमीटर जाड धरली आणि सगळ्यांची एकावर एक चळत रचली, तर साडेतेरा कळसूबाई उंच! 53 च्या 53 खुर्च्या भरल्या, वर्षाला 210 दिवस काम झालं आणि प्रत्येकानं रोज पाच खटले निकालात काढले, तरी आठ वर्षं लागतील. तीही या आठ वर्षांत एकसुद्धा नवी फाइल आली नाही तर.

नवरा थांबला नाही. प्रकरण दिल्लीला गेलं, आठशे किलोमीटरवर, सर्वोच्च न्यायालयात. आधी दोन न्यायमूर्तींपुढे आलं. तलाक झालेल्या मुस्लिम बाईला अशी पोटगी मिळते का, हा प्रश्न त्यांना इतका मोठा वाटला, की तो पाच जणांकडे सोपवला गेला. 179 रुपये 20 पैशांसाठी पाच न्यायमूर्ती! त्यांचे प्रमुख होते आपल्या पुण्याचे सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड. आजवर त्यांच्याइतका काळ कुणीही सरन्यायाधीश राहिलेलं नाही : फेब्रुवारी 1978 ते जुलै 1985. शाहबानोंचा सगळा खटला त्या काळात मावला. 23 एप्रिल 1985 ला निकाल आला आणि पोटगी कायम राहिली. शिवाय दाव्याचा खर्च म्हणून नवऱ्यानं दहा हजार रुपये द्यायचे. पहिल्या कोर्टाच्या 25 रुपयांनी तेवढी रक्कम जमायला 33 वर्षं 4 महिने लागले असते!

सात वर्षं गेली. खटला सुरू झाला तेव्हा पहिलीत असलेलं पोर आठवीत गेलं. पुढे 1986 मध्ये संसदेनं घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळा कायदा केला, आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचाही अर्थ घटस्फोटित बाईच्या बाजूनं लावला.

ही एक फाइल झाली. आता पाच कोटी फायली पुस्तकांसारख्या एका फळीवर खेटून उभ्या करा. फळी किती लांब लागेल? अडीच हजार किलोमीटर! तिच्या कडेनं चालत निघालात तर मुंबईहून पुण्याला आठ वेळा जाऊन आल्याइतकं चालाल, आणि तरी शंभर किलोमीटर उरतील. दर पाच सेंटिमीटरला एक तक्रार : कुणाची पोटगी, कुणाचं शेत, कुणाचा पगार, कुणाचा जामीन.

आणि हे वाचायला माणसं किती? देशात दर दहा लाख लोकांमागे न्यायाधीशांची पदं सुमारे 21, त्यातलीही कित्येक रिकामी. दहा लाखांमागे 50 हवेत, असं विधी आयोगानं 1987 सालीच सांगून ठेवलंय. मुलांनो, तुमच्यातल्या काहींनी कायदा शिका आणि त्या खुर्च्यांवर जाऊन बसा. आणि सरकारांनो, मुलं मोठी होईपर्यंत थांबू नका, ती पदं आत्ताच भरा.