अपंगांची आंघोळ : एक दुर्लक्षित प्रश्न

वार्षिकासाठी लेख लिहायचा ठरवला तेव्हा मित्रांनी नेहमीचे विषय सुचवले. मी 'आंघोळ' म्हणताच सारे हसले. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. ज्याचे हातपाय धड आहेत त्याला आंघोळ हा प्रश्न वाटतच नाही. तीन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही वाटत नव्हता.

आम्ही पळस्प्याचे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यातून गोव्याचा रस्ता जिथे फुटतो, तो आमचा फाटा. तिथेच एका संध्याकाळी बाबांच्या सायकलला ट्रकची धडक बसली. जीव वाचला, पण मणक्याला मार लागून कमरेखालचे अंग लुळे झाले. घरी आल्यावर काका आणि मी त्यांना उचलून मोरीत पाटावर बसवत असू. एके दिवशी कॉलेजच्या घाईत मी विसण घालायला विसरलो आणि कढत पाण्याचा तांब्या त्यांच्या पायांवर ओतला. बाबा माझ्याशी बोलतच राहिले. दुपारी आईला फोड दिसले तेव्हा कुठे कळले. ती जखम भरायला दोन महिने लागले. पुढे ते आंघोळच टाळू लागले. "मना लाज वाटते रे पोरा," एवढेच म्हणत.

हे असे का झाले? कातडीला लागलेला चटका मज्जारज्जूतून मेंदूला कळतो. मज्जारज्जू दुखावला की हा निरोप पोहोचत नाही. कुष्ठरोगात आणि जुन्या मधुमेहातही हातापायांच्या नसा बधिर होतात. आपल्याच तालुक्यात नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. अशा बधिर हातापायांना जपणे हा कुष्ठरुग्णाच्या शुश्रूषेतला महत्त्वाचा भाग असतो. ६० अंश सेल्सिअसचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. आपण पाय झटकन मागे घेतो, म्हणून वाचतो. तेव्हा पहिला नियम असा : बादलीत आधी गार पाणी, मग कढत, आणि अंगावर घेण्यापूर्वी शाबूत संवेदना असलेल्या कोपराने पाहणे.

दुसरे भय पडण्याचे. साबणाच्या पाण्याने मोरीची गुळगुळीत फरशी निसरडी होते. तिथे खरबरीत फरशी किंवा रेघा ओढलेला कोबा बरा. तोल गेला की माणूस हाताला येईल ते धरतो. नळ किंवा टॉवेलची दांडी तो भार पेलत नाही. त्यासाठी साधारण दीड इंच जाडीचा पाइप भिंतीत बोल्टने पक्का बसवावा. पाइप आणि भिंत यांत दीड इंचच अंतर ठेवावे. मूठ मावते, पण हात घसरून आत अडकत नाही.

चाकाची खुर्ची असेल तर उंबरा आड येतो. उताराचे प्रमाण एकास बारा मानतात. म्हणजे चार इंचांच्या उंबऱ्याला चार फूट लांब उतार हवा. आत बसायला हलकी प्लास्टिकची खुर्ची नको, ती कलंडते. सुताराकडून रुंद पायांचे, चाकाच्या खुर्चीइतक्याच उंचीचे लाकडी बाकडे करून घ्यावे आणि पायांना कुबडीसारखी रबरी बुचे लावावीत. मग खुर्चीचा ब्रेक लावून माणूस हातांच्या बळावर बाकड्यावर सरकतो. बसायला जाड स्पंज हवा, नाहीतर बधिर भागाला दाबाने जखम होते. दार बाहेर उघडणारे असावे. आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते.

या गोष्टी मला एका व्यवसायोपचार तज्ज्ञ बाईंनी कागदावर चित्रे काढून समजावल्या. रोजची कामे अपंगाला स्वतः कशी करता येतील हे शिकवणारे हे शास्त्र आहे. मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय पुनर्वसन संस्थेत हे उपचार मिळतात.

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वाला मान्यता दिली आणि सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करण्याचे बंधन घातले. पण घरातल्या मोरीपर्यंत कायदा येत नाही. तिथे आपणच लक्ष घालायला हवे.

आमच्या मोरीचे काम आळीतल्याच गवंड्याने चार दिवसांत केले. आता बाबा रोज स्वतः आंघोळ करतात. पहिल्या दिवशी मी सवयीने आत थांबलो, तर म्हणाले, "तू जा. दार लोटून घे." त्या दिवशी दाराबाहेर उभा राहून मी तांब्याचा आवाज ऐकत होतो.

वाचकहो, आज घरी गेल्यावर आपल्या मोरीत एकदा आजीच्या पायांनी जाऊन पाहा. काय बदलायला हवे ते तिथेच कळेल.